दादाच्या न झालेल्या मालिका

सुभाषदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. हा माझा मावसभाऊ. साताऱ्यात राहून टीव्हीसाठी मालिका करायला निघालेला. आयुष्यात त्याने पाच पायलट केले, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा पहिला भाग. एकाचीही मालिका झाली नाही. फोन ठेवून मी रडले... त्या दिवशी मनापासून रडता आलं.

आमच्या कुंडलची अर्धी भावकी त्या पायलटांत कधी ना कधी उभी राहिली. दादा ओरडायचा, "आवं तात्या, इकडं बघू नगा, कॅमेरा न्हाईच समजा!" तात्या कॅमेऱ्यालाच विचारायचे, "मग बघू कुठं?" असा सगळा मामला.

त्यातला चौथा पायलट माझ्या आईवर होता. वडील सैन्यात असताना वारले, तेव्हा ती कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार नव्याने गुंडाळणं, शिकली, आणि पुढे तिने स्वतःचं वर्कशॉप चालवलं. कथा मी लिहिली. दादा पायलट घेऊन मुंबईला गेला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "न्हाई म्हणाले गं."

वर्षभराने त्याच चॅनेलवर आमची गोष्ट लागली. नाव दुसरं, गाव दुसरं. पण नवऱ्याचा फौजेतला स्वेटर घालून पहिल्या दिवशी कामावर जाणारी बाई तीच. आईने तीन भाग पाहिले आणि उठली. "ही मी न्हवं. मला कवा एवढं रडायला येळ हुता?"

मी तडक सातारा गाठला. केस करू म्हणाले. "मोठी माणसं हायती, सोड," दादा म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं तो आमच्याकडे जेवायला आला की मी त्याच्यासमोर त्या चॅनेलवाल्यांना शिव्या घालत आले. तो मान खाली घालून जेवत राहायचा. एकदा तर म्हणालासुद्धा, "चोर हायती चोर."

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी वहिनीने कपाट आवरायला बोलावलं. एका फायलीत करार सापडला. आईच्या गोष्टीचे सगळे हक्क दादाने त्या चॅनेलला लिहून दिले होते. पुढचा पायलट नक्की घेऊ, या तोंडी आश्वासनावर, असं वहिनी म्हणाली. तो पाचवा पायलट त्यांनी उघडूनही पाहिला नाही. करारात कथालेखक म्हणून नाव होतं दादाचं.

"तुमी दोघींनी व्हय म्हटलंय, असं सांगितलं हुतं मला ह्यांनी," वहिनी म्हणाली.

"आम्हाला विचारलंच नाही, वहिनी."

तिने करार माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

त्यालाही फसवलं गेलं, हे मला कळतं. पण माझ्या शिव्या ऐकत तो जेवला कसा, हे कळत नाही. मागितली असती तर आईने ती गोष्ट त्याला हसत दिली असती...

वहिनीने चौथ्या पायलटचा पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. रविवारी आईबरोबर बसून पाहिला. शेवटचा प्रसंग संपल्यावरही कॅमेरा चालूच राहिलेला. दादा पळत चौकटीत येतो, कडेला उभ्या असलेल्या आईला विचारतो, "मावशे, खरं वाटलं का गं?" आई म्हणते, "व्हय रं, मी अशीच हुते." तो लहान पोरासारखा हसतो आणि चित्र बंद पडतं.

आई डोळे पुसत म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. कागदाचं तिला अजून सांगितलेलं नाही.