डाव्या बाजूचा आवाज

आमच्या आष्टीच्या शाळेतल्या बाई गाडीचा आवाज तोंडानं काढायच्या. हॉर्नचा नव्हे, तो कुणीही काढील. त्यांच्या गाडीत मागच्या डाव्या बाजूला काहीतरी वाजायचं, तो आवाज. जीभ टाळूला लावून आधी एक कोरडं 'टक्', आणि त्याला चिकटून घशातून 'घिर्र'. पन्नाशी उलटलेल्या, काठपदराची साडी नेसलेल्या बाई जालन्याच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभ्या राहून गंभीर चेहऱ्यानं हे करायच्या, तेव्हा सोबत गेलेली मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहायचे.

बाई माझ्या शेजारीच राहायच्या. त्यांच्या यजमानांना सगळं गाव सर म्हणायचं. सर हायस्कुलातून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी दर आठवड्याला जालन्याला व्यायामासाठी आणायला सांगितलं. एसटीत त्यांना चढवणं जमेना, म्हणून बाई त्या वयात गाडी चालवायला शिकल्या आणि नवी कोरी गाडी घेतली. सुरुवातीला अर्धी गल्ली ओट्यावर बसून त्यांचं रिव्हर्स घेणं बघायची. बाई काच खाली करून म्हणायच्या, "बघा, बघा. तिकीट न्हाई त्याला."

तो आवाज पहिल्यांदा ऐकला सरांनी. भजनी मंडळात पखवाज वाजवलेला माणूस, कान तयार होता. मागच्या सीटवर डावीकडं बसायचे आणि आवाज आला की चांगल्या हाताचं बोट वर करायचे. पुढं पुढं बोटाबरोबर चेहऱ्यावर भीती दिसायला लागली. दाराची मूठ घट्ट धरायचे. शेवटी गाडीत बसायलाच तयार होईनात. उजव्या हाताची बोटं तेव्हा कुठं जराशी हलायला लागली होती. जालना बंद झालं असतं तर तीही थांबली असती. बाईंचा जीव त्या बोटांत अडकला होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब नाही आले का?" बाई म्हणायच्या, "साहेब गाडीत बसलेत. पण बोलायचं माझ्याशीच." मग एखादा मेकॅनिक एकटाच गाडी घेऊन गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारायचा आणि परत येऊन सांगायचा, आवाज नाही. मागं माणसं बसल्याशिवाय आणि आमचा रस्ता लागल्याशिवाय ती वाजत नाही, हे बाई दरवेळी सांगायच्या. ऐकतो कोण? "मॅडम, तुमच्याकडचा रस्ताच खराब आहे," असं एकदा उत्तर मिळालं. बाई म्हणाल्या, "मंग गाडी काय देव्हाऱ्यात ठिवायची, बापू?"

मला मात्र फार राग यायचा. गाडी विकताना हार, पेढे, सगळ्यांचा मिळून फोटो. वॉरंटीचं कौतुक तर असं, की ऐकणाऱ्याला वाटावं गाडी मोडली तरच फायदा. आणि नंतर? वॉरंटीत काय काय बसत नाही, तेवढंच ऐकायला मिळतं. इथं तर ती संपतही आली होती.

त्यात एक दिवस काउंटरवरचा पोरगा सहज बोलून गेला, "काकांना भास होत असतील. अशा आजारात होतं." बाईंनी आवाज चढवला नाही. दारात गाडी लावल्यावर मला हळूच म्हणाल्या, "त्यांच्याजवळ आता कानच राह्यलेत गं. तेबी हे खोटे ठरवून राह्यले."

पुढच्या खेपेला बाईंनी गाडीचं नावच काढलं नाही. त्याच पोराला विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?"

"केदारखेडा."

"मंग जेवतो कुठं?"

"मेसला."

"रविवारी आमच्याकडं ये जेवायला. पुरणाचं करते. न्यायला मी येते." पोरगा पेचात पडला, पण आईच्या वयाच्या बाईला नाही कसं म्हणणार? बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला न्हाई म्हणता येतं. पुरणपोळीला अवघड असतं."

रविवारी बाईंनी सरांचा हात धरून सांगितलं, "आज तुमचीच गरज हाय." सर बसले. जालन्यात पोराला घेतलं. पुढच्या सीटवर बाईंनी गुळाची आणि मोसंब्यांची पिशवी अशी काही पसरून ठेवली होती, की त्याला मागं सर आणि मी यांच्या मधेच बसावं लागलं. परतूर मागं पडलं. आष्टीच्या अलीकडं एक नळकांडी पूल आहे, त्याच्या चढावर सरांचं बोट वर गेलं. पोरगा त्या बोटाकडं बघतोय तोच त्याच्या कानाखाली वाजलं. टक्, घिर्र.

"मॅडम, गाडी थांबवा." त्याचा चेहरा पडला होता.

"आधी जेवण," बाई म्हणाल्या. "गाडी कुठं पळून चालली?"

जेवताना बाईंनी त्याला आग्रह करकरून वाढलं. पोळीवर तूप, येसराची आमटी, वर मोसंबी. गाडीबद्दल अवाक्षर नाही. हात धुतल्यावर तो आपणहून सरांपुढं वाकला आणि म्हणाला, "काका, चुकलं माझं. उद्या गाडी पाठवा, मी बघतो." मागचा डावा शॉकॲब्सॉर्बर मुळातच सदोष निघाला. वॉरंटीत बदलून मिळाला. डिकी मात्र शेवटपर्यंत दोनदा आपटल्याशिवाय लागली नाही.

त्यानंतर पहिल्यांदा जालन्याहून परतताना मी सोबत होते. पूल आला. सवयीनं सरांचं बोट वर गेलं, पण गाडी गप्प. बोट तसंच अधांतरी राहिलं आणि सर गोंधळून इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात पुढून बाईंनी तोंडानं आवाज काढला, टक्, घिर्र. सर हसले. आजारपणानंतर मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. मग तो त्यांचा नेमच झाला. पुलावर सर बोट वर करायचे, बाई आवाज काढायच्या.

सरांचा उजवा हात पुढं वाटी धरण्याइतका सुधारला. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडं नांदेडला राहायला जायचं ठरलं. जाण्याआधी गाडीची सर्व्हिसिंग करून घ्यायला आम्ही दोघी जालन्याला गेलो. तो पोरगा अजून तिथंच होता. एक म्हातारे गृहस्थ काहीतरी तक्रार सांगत होते आणि हा म्हणत होता, "चला, मी मागं बसतो. तुम्ही चालवा." बाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

परतताना पुढच्या सीटवर त्यांच्या सामानाची पिशवी होती, म्हणून मी मागं डावीकडं बसले. पूल आला. काही विचार न करता माझं बोट वर गेलं. बाईंनी आरशात ते पाहिलं. त्यांनी जीभ टाळूला लावली, ओठ हलले. पण त्या दिवशी त्यांना तो आवाज काढता आला नाही.