दोन्हीकडचा रस्सा

मी राज्यशास्त्र शिकवतो. कॉलेज कोल्हापुरात, घर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात. प्राचार्यांनी एकदा फर्मान काढलं, विषय लोकांपर्यंत न्या. माझ्या वाट्याला परराष्ट्र धोरण आलं. गावात माणसं हमखास सापडतात ती दूध संस्थेत, म्हणून संध्याकाळी किटल्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेसमोर मी बोलायला लागलो.

लांबच्या समुद्रात जहाजं अडली की इथं पेंड का महागते, ते सांगितलं. एक मावशी म्हणाल्या, "मग त्या जहाजवाल्याला सांगा की, म्हशीला कळत न्हाय म्हणून." टाळ्या त्यांना पडल्या.

माझा खरा श्रोता एकच, मशीनवर दुधाची फॅट काढणारा. लग्न झालेलं, नोकरी टेंपररी. निवडणूक झाली की तुला कायम करतो, असं संस्थेतल्या दोन्ही गटांनी त्याला सांगून ठेवलेलं.

"सर, आपला देश कुठल्या गटाचा?"

"कुठल्याच नाही. मुद्दा बघून ठरवतो."

"आन दोन्ही गट बोलावत्यात?"

"मान देऊन."

"मग दोन्हीकडं जेवतो?"

"जेवतो. आणि दोघांनाही तोंडावर सांगतो."

हे शेवटचं मी उगाच जोडलं. ऐकायला बरं वाटलं म्हणून.

पुढं निवडणूक लागली. दोन्ही गटांची मटणाची जेवणं एकाच संध्याकाळी. आमच्याकडं रीत अशी की एका पंगतीला उघड बसायचं आणि दुसरीकडं मेव्हण्याला धाडायचं. हा गडी एकीकडं जेवला, हात धुतला आणि इस्त्रीच्या शर्टात भर रस्त्यानं दुसरीकडं गेला. "मी गटाचा न्हाय, मुद्द्याचा हाय," तो पंगतीत म्हणाला. "तांबडा रस्सा तिकडला भारी, पांढरा तुमचा." मग कुणाचा गैरसमज नको म्हणून परत पहिल्या मांडवात जाऊन तेच सांगून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गटांचे पुढारी माझ्या दारात. एकमेकांच्या मयतीला न जाणारी माणसं एका मोटरसायकलवरून आली. मागनं तो चालत.

"सर, काय शिकवलंय ह्याला? आमच्यात बसून ह्यांच्या रश्श्याचं कौतुक करतोय!"

"आन आमच्यात ह्यांच्या!"

"ह्याला काढायचा, एवढं आमचं दोघांचं ठरलंय. पण तुम्हीच तसं सांगितलं असलं, तर त्याची चूक न्हाय. बोला."

एक 'हो' पुरे होतं.

आता सांगतो. आत ओट्यावर दोन डबे धुऊन पालथे घातले होते. प्रत्येकावर त्या त्या पुढाऱ्याचं नाव कोरलेलं. दर निवडणुकीत माझ्याकडं दोन्हीकडून डबा यायचा, मागच्या दारानं, आणि सर आपलेच, असं दोघांनाही वाटायचं. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. नुसतं मटण.

तो पाणी प्यायला आत गेला होता. तोंड पुसत बाहेर आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

"ते देशांपुरतं होतं," मी म्हणालो. "माणसांनी तसं वागावं, असं मी कुठं म्हटलं?"

तो आतल्या दाराकडं बघत होता. मी सरकून त्या दारात उभा राहिलो. "व्हय," तो म्हणाला, "माझंच चुकलं." आणि गेला.

पुढाऱ्यांनी चहा घेतला. उठताना एक कानाशी लागला, "डबा राहू दे, मागनं न्हेतो." तो मोटरसायकल सुरू करेपर्यंत दुसऱ्यानं चप्पल घालता घालता तेच सांगितलं.

त्याला काढलं. आता तो एमआयडीसीत फौंड्रीत जातो, तिथंही टेंपररीच. मी तो धडा अजून शिकवतो, 'तोंडावर सांगतो' एवढं गाळून.

परवा एसटी स्टँडवर दिसला. माझं सगळं बोलायचं ठरलं होतं. म्हणून तर जवळ गेलो. बाकावर सरकून त्यानं जागा केली.

"या पावणं," तो म्हणाला, "बसा की."

आमच्याकडं गावातल्या माणसाला कुणी पावणं म्हणत नाही.