पांढऱ्या खड्यांची थैली

विमानात भात आला तेव्हा मी चष्मा लावला आणि त्या मूठभर भातात चमचा फिरवून काळं शीत शोधू लागलो. शेजारी आमचे शेठ. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ त्यांची राइस मिल आहे, आणि मी तिथला सुपरवायझर. ते वैतागले. “अरे, खाना है कि चुनना है?”

पंचवीस वर्षं तांदूळच पाहत आलेल्या माणसाला काय सांगणार? एकही काळं शीत सापडलं नाही. मला तिथंच कळायला हवं होतं.

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून आणखी कुठंतरी, तिथून चीन. पाय असे सुजले की बूट माझे आहेत की दुसऱ्याचे, कळेना. एवढं सगळं दोन दिवसांच्या कामासाठी. काम म्हणजे एक मशीन बघणं. ती म्हणे कॅमेऱ्यानं तांदळाचा दाणा न् दाणा बघते आणि खराब असेल तो फुंकर मारून उडवते. आमच्या मिलमध्ये हेच काम नऊ बाया सुपांनी करत होत्या. शेठची अट साधी होती : तांदूळ आपला, थैली आपली. मशीन पास झाली तर ऑर्डर, नाही तर रिकाम्या हातानं परत.

थैली मी भरणार होतो. बायांमधल्या सगळ्यात मोठीनं, जिला सगळेच मावशी म्हणतात, थैली माझ्या हातातून ओढून घेतली.

“तुमी कायले भरता, भाऊ? आमी भरतो.”

तिनं डबा काढला. त्यात तांदळाएवढे, तांदळासारखेच पांढरे खडे होते. डोळ्याला दिसत नाहीत, फक्त बोटाला लागतात. कित्येक वर्षं निवडता निवडता तिनं ते जमवले होते. सगळे थैलीत ओतले.

“तिले बोटं आहेत का जी? नाही ना? मंग फसते ती. जा, फजिती पाहून या तिची.”

मी गेलो आणि फजिती पाहिली! त्या चकचकीत कारखान्यात मी जादूगारासारखी बाही वर करून थैली ओतली. काळे दाणे फटाफट उडाले. पांढरे खडे मात्र चांगल्या तांदळाबरोबर ऐटीत खाली उतरले. मी एक उचलून शेठच्या तळहातावर ठेवला आणि पोट सावरत चक्क नाचलो. शेठचा चेहरा कारल्यासारखा झाला.

गोंदियात चहाच्या टपरीवर हा किस्सा मी सांगतो तो इथपर्यंतच. मशीनचा आवाज काढतो, नाचून दाखवतो. लोक डोळे पुसून हसतात.

पुढचं असं, की तिथली इंजिनीअर मुलगी रागावली नाही. तिनं खडे वेचून काळ्या कागदावर मांडले आणि मोबाइलमध्ये काहीतरी बोलली. मोबाइल हिंदीत म्हणाला, उद्यापर्यंत थैली ठेवू का? मी जिंकलेला माणूस. राजासारखा हात हलवून म्हणालो, “रख लो!”

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच तांदूळ पुन्हा मशीनमध्ये गेला. एकही खडा सुटला नाही. त्या खड्यांवरूनच तिनं मशीनची नजर बसवली होती. मोबाइल गोड आवाजात म्हणाला, “इतना अच्छा नमूना आज तक कोई नहीं लाया।” शेठनं पाठीत धपका घातला. “तेरी थैली ने काम कर दिया यार!”

परतीच्या विमानात पुन्हा भात आला. मी चष्मा लावला नाही.

मिलमध्ये पाय ठेवला तशी नऊच्या नऊ सुपं थांबली.

“काऊन जी भाऊ, आंधळीच निघाली ना?” मावशी हसत होती.

मी नाचायला सुरुवात केली. दोन पावलं टाकली, तिसरं उचललंच नाही. खिशातून थैली काढून तिच्या हातात दिली; आत आता फक्त मशीननं उडवलेले खडे होते. तिनं गाठ सोडून आत बोटं फिरवली.

“सारेच धरले?”

“हो.”

“पहिल्या झटक्यात?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. जमलं नाही. “नाही. पहिल्यांदा चुकली होती. मग त्यांनी थैली एक दिवस मागितली. मी दिली.”

“कोणाले विचारून?”

तिनं गाठ मारली, थैली कमरेला खोचली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मशीन येईपर्यंत त्या सगळ्या रोज येत राहिल्या. मावशी माझ्याशी नीटच बोलायची, फक्त भाऊ म्हणणं तिनं सोडलं. साहेब म्हणू लागली.