झोळीतलं मुंगूस

भीमराजची जीप भरल्याशिवाय सुटत नसे. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी ती लवकर भरतच नसे. दारव्ह्याच्या स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत. भीमराज बॉनेटवर फासे टाके.

हा खेळ तो मोबाइलवर इंग्रजी पुस्तक वाचत एकटाच शिकला. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. वार लागला की चुकला, ते फासा ठरवणार. गोष्ट भीमराज रचायचा. पानठेल्यावरचा रवी तलवारबाज होता. शिवणकाम शिकणारी नलू जडीबुटीवाली होती. तिच्या झोळीत एक मुंगूस होतं. खऱ्या घरात आईने तिला कधी मांजरसुद्धा पाळू दिलं नव्हतं. त्यामुळे या मुंगसावर तिचा भारी जीव.

त्या रविवारी गुहेतला अजगर आग ओकला. नलू आधीच जखमी होती, पण तिने विचारलं मुंगसाचं.

भीमराजने पुस्तक पाहिलं. अंगावर बाळगलेला लहान प्राणी सामानात धरायचा, त्याला वेगळी आग लागत नाही. मात्र तो स्वतः लढला तर त्याचा जीव वेगळा, फासाही वेगळा.

रवी लगेच उसळला. "मागच्या खेपेले यानंच राक्षसाच्या पायाले चावा घेतला ना? चावाले जिवंत, अन् जळाले सामान. वा रे वा."

नलूचं म्हणणं, चावून ते परत झोळीत आलं होतं. पुस्तक यावर गप्प होतं. भीमराजने डोकं खाजवलं. मागच्या सीटवर खेमसिंगकाका मांडीवर कोंबडी घेऊन जीप भरायची वाट पाहत होते. मांडीवरच्या कोंबडीला भीमराज सीट धरत नसे. वाटेत काका तिला खाली सोडत, दाणे टिपू देत, परत मांडीवर घेत. तरी त्याने कधी तिचं वेगळं भाडं मागितलं नव्हतं.

"झोळीत हाय तवरीक ते तुयासंगच," तो नलूला म्हणाला. "तू वाचली तर ते वाचलं. तू गेली तर तेबी गेलं. खाली सोडलं तर त्याचा फासा वेगळा."

नलूने विचार केला. जखमी असल्याने वाचायला तिला फाशावर सहाच हवे होते. मुंगसाला चार पुरले असते.

"सोडते मी त्याले," ती म्हणाली.

आधी तिने स्वतःचा फासा टाकला. दोन. जडीबुटीवाली तिथेच संपली. मग मुंगसाचा. खेमसिंगकाका कोंबडीसकट पुढे वाकले. फासा बॉनेटवरून घरंगळत वायपरला अडला. पाच. मुंगूस दगडांच्या फटीतून निसटलं, आणि पहिली शिट्टी रवीने मारली.

नलू दप्तर उचलू लागली. आता आपलं काम संपलं, असं तिला वाटलं.

"कुठं चालली?" भीमराज म्हणाला. "मुंगूस हाय ना. आता तूच मुंगूस. फक्त बोलाचं नाही."

पुढच्या रविवारी नलू एक अक्षर बोलली नाही. रवी गुहेत कोंडला गेला होता आणि बाहेरची वाट मुंगसालाच ठाऊक होती. तो हात जोडून विचारत होता, ती नुसतं नाक आक्रसत होती. जीप केव्हाच भरली होती. भीमराजने निघायला खिशातून किल्ली काढली तसे खेमसिंगकाका म्हणाले, "थांब ना बापू, याले बाहेर तं निघू दे."