टीव्हीखालच्या डब्यावरचा रुमाल

बारामतीत सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हटलं, की लोक रमाकांत सरांचं नाव घेतात. सव्वीस वर्षं कॉम्प्युटर जोडणीचा क्लास चालवलाय त्यांनी. हात हुशार, पण तोंड हाताच्याही पुढं. स्क्रू पिळतानाही यांचं भाषण चालूच. त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणायच्या, "अहो, एखादं काम मुक्यानं करून बघा की." ऐकतंय कोण!

गेल्या माघात शेळगावचे विजयसिंह आपल्या आईला, द्वारकाबाईंना, घेऊन क्लासवर आले. घरी मोठा टीव्ही घेतला होता आणि त्याला जोडायला कॉम्प्युटर हवा होता. विजयसिंहांच्या वडलांनी हयात असेतो दर जत्रेच्या कुस्त्या कॅमेऱ्यात भरून ठेवल्या होत्या. टोपलीभर कॅसेटी. त्यांत द्वारकाबाईंच्या भावाची, पळसदेवच्या भीमा पैलवानाची, सगळ्यात गाजलेली कुस्तीही होती. भीमाआबांचे गुडघे आता गेले, गडी घरी बसून असतो.

"माझ्या भावाला त्याची कुस्ती एकदा मोठ्या पडद्यावर दावायची हाय," बाई म्हणाल्या. त्यांचं मागणं एवढंच.

लेकाची यादी मात्र निराळी. कुणाकडं तरी बघितलेले रंगीत दिवे, काचेची बाजू, विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. "जे भारी आसंल ते टाका, सर."

"विजयराव, कुस्त्या बघायच्यात की मांडव घालायचाय?" सर हसले. "ते कार्ड गेम खेळणाऱ्यांना लागतं. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच असते. आपल्याला पाहिजे आडवा डबा, टीव्हीखालच्या फळीवर बसेल असा. झटकन चालू व्हायला एक छोटी एसएसडी, कॅसेटींवरच्या कुस्त्या उतरवून साठवायला मोठी हार्ड डिस्क, आणि बसल्या जागेवरून चालवायला रिमोट. झालं."

तेवढ्यात द्वारकाबाईंनी विचारलं, "सर, त्ये घरघर करंल का वो? हलगी नीट ऐकू यायला पायजे. आन् ह्यांचा आवाज हाय त्यात. क्यामेऱ्याच्या मागनं वरडायचे, भीमा, पट काढ!"

सर एकदम खूश झाले. "घ्या! यादी मावशींकडून लिहून घ्या, विजयराव. सिनेमाचा कॉम्प्युटर आधी गप बसणारा पाहिजे, हे माझ्या पोरांना सहा महिने शिकवून कळत नाही." आणि त्यांनी पुण्याहून खास कूलर मागवला. कूलर म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, त्यावर पंखा. हा बुटका होता, पंखा रुंद आणि सावकाश फिरणारा. सरांनी एवढं कौतुक केल्यावर बाईंचा चेहरा काय खुलला म्हणता! घरी जाईपर्यंत पदराआड हसत होत्या.

सर म्हणाले होते, जोडून आणतो. विजयसिंह ऐकेनात. घरीच जोडायचा, आणि अकरा बावीसच्या मुहूर्तावर चालू व्हायला पाहिजे. मग काय, बैठकीत सतरंजी टाकली, भावकी जमली, ताटात नारळ, हळदकुंकू. मधोमध रमाकांत सर. ऐकणारे वीस कान मिळाले, आणखी काय पाहिजे त्यांना! प्रोसेसर म्हणजे काय, त्याच्या आणि कूलरच्या मधे लेप कशाला लावतात, पुण्यातले लोक कसे फसवतात, सगळं सांगून झालं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा विजयसिंह घड्याळ दाखवायला लागले. सरांनी घाईघाईनं कूलर बसवला, स्क्रू पिळले, झाकण लावलं. बरोबर अकरा बावीसला टीव्ही उजळला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या.

द्वारकाबाईंनी आठ दिवस खपून त्या डब्याच्या मापाचा क्रोशाचा रुमाल विणला, कडेनं मोर काढून. त्या घरात मिक्सर उघडा नसतो, फ्रीजच्या मुठीलासुद्धा कपडा असतो. धुरळ्यात ठेवायची वस्तू झाकायची नाही तर काय?

चैत्रात, उन्हाच्या काहिलीत, भीमाआबांना पळसदेवहून आणलं. पुन्हा भावकी जमली. हलगी कडाडली, तरणाबांड भीमा पडद्यावर शड्डू ठोकत आला, म्हातारा भीमा खुर्चीत ताठ झाला. समोरच्याचा पाय हातात आला, आता उचलणार, आणि टीव्ही काळा! पुन्हा लावलं, पुन्हा काळा. त्या दिवशी सर इंदापुरातच होते. फोन गेला तसे अर्ध्या तासात हजर. डब्याला हात लावला तर चटका बसला. वर मोरांचा रुमाल.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! सरांनी रुमाल दोन बोटांत धरून सगळ्यांपुढं वर केला. "मावशी, मशीन आहे हे, नवरी नाही शालू नेसवायला! त्याला श्वास लागतो. जीव घेतलात की बिचाऱ्याचा."

बैठक हसून लोळायची बाकी राहिली. भीमाआबाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईतो. विजयसिंह खेकसले, "आई, सतरांदा सांगितलं तुला! अडाणीपणा करायचा तो करायचाच!" द्वारकाबाई पुढं झाल्या. सरांच्या हातून रुमाल घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी विजयसिंहांचा फोन आला. रुमाल नाही, तरी मशीन बंद पडतंय. सरांनी डबा बारामतीला मागवला आणि क्लासच्या टेबलावर खोलला. कूलर उचलला, अन् हात तिथंच थांबला. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं, लेपाखाली चिकटलेलं; उष्णता कूलरमध्ये जाणार कशी! कोपऱ्यात तांबडी अक्षरं: बसवण्याआधी काढा. समोर भिंतीवर त्यांनीच लिहून लावलेले नियम होते आणि त्यातला पहिला हाच: कूलरचं प्लास्टिक सोला. सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि फाशी कुणाला दिली, तर त्या म्हातारीला.

कानशिलं तापली त्यांची. यशोदाबाई चहा घेऊन आल्या तर माणसानं प्लास्टिक झटकन मुठीत लपवलं, चोरट्यासारखं. "काय झालं?" "काही नाही." मग विजयसिंहांना फोन करून सांगितलं, "आत धूळबीळ गेली होती. केलं साफ." तिकडून विजयसिंह म्हणाले, "आईच्या त्या रुमालाचे दोरे गेले असणार." आणि सर म्हणाले, "असेल." एवढा एक शब्द बोलले आणि जेवणाचं ताट तसंच सारलं.

डबा पोचवायला शेळगावला गेले तेव्हा प्लास्टिक शर्टाच्या खिशात होतं. फेकवत नव्हतं. बैठकीत भीमाआबांसकट तीच मंडळी होती, राहिलेली कुस्ती बघायला आलेली. सरांनी तारा जोडल्या. टीव्ही लागला. मग त्यांचं लक्ष फ्रीजकडं गेलं. मुठीवर कपडा नव्हता. टीव्हीच्या फळीवर, टेबलावर, कुठंच रुमाल नव्हता. विजयसिंहांनी आईला रिमोट दिला तर त्या हात मागं घेऊन म्हणाल्या, "नको बया. माझा हात लागला आन् पुन्हा जळलं म्हंजी?" आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या.

सरांना तिथं बसवेना. उठून मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मिक्सरही उघडाच. खिशातलं प्लास्टिक काढून त्यांनी बाईंपुढं धरलं. "मावशी, तुमच्या रुमालानं नाही झालं. हे सोलायचं राहिलं माझ्याकडून. मुहूर्ताच्या दिवशी, बडबडीच्या नादात. चूक माझी आहे." आवाज इतका खाली, की शेजारच्या खोलीतही जाऊ नये.

द्वारकाबाईंनी ते प्लास्टिक उजेडाकडं धरून बघितलं.

"कवा कळलं तुमाला?"

"चार दिवस झाले."

"आन् चार दिस मी हितं मिक्सराला हात लावताना दचकती." त्यांनी ते परत सरांच्या हातात दिलं. "लाजवलं चारचौघात, आन् माफी चुलीपाशी व्हय, सर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मागच्या दारानं निघून जावं असंही एकदा मनात येऊन गेलं. मग ते बैठकीत आले, रिमोट उचलून भीमाआबांची कुस्ती थांबवली आणि उभ्यानं सांगितलं. प्लास्टिक दाखवलं, त्यावरची तांबडी अक्षरं वाचून दाखवली. "मावशींचा काही दोष नव्हता. मी उगाच बोललो, आणि कळल्यावर लपवलं. फोनवर विजयरावांशी खोटं बोललो."

मग कुणीतरी म्हणालं, "आवो, चालायचंच, सर." दुसरा म्हणाला, "एवढुसं प्लास्टिक, कुणाच्या ध्यानात राहतंय!" विजयसिंहांनी सरांना हाताला धरून बसवलं. "कशाला मनाला लावून घेता? मशीन चालू झालं न्हवं?" भीमाआबा खुर्चीतून हात हलवत म्हणाले, "माणूस म्हणल्यावर चुकायचंच की. लावा कुस्ती."

कुणीही हसलं नाही. एकजण तर सरांसाठी चहा सांगायला उठला. त्यांच्या लक्षात आलं, की आपण सुटलो, आणि किती स्वस्तात सुटलो. त्यांना मान वर करवेना.

दारात द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. लेकाकडं बघितलं, भावाकडं बघितलं.

"मला त्या दिशी कुनी म्हणलं न्हाय आसं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या सरांपुढं ठेवला.