बिनटाकीचं गरम पाणी

माझ्या थोरल्या जाऊबाई पिशवी भरून बसल्या, तेव्हा मला वाटलं मायलेकांचं काही बिनसलं असेल. आम्ही वर राहतो, त्या खाली मुलगा-सुनेबरोबर. सकाळी सहज खाली उतरले, तर बाई पलंगाच्या कडेला, पिशवी शेजारी, गाडी जणू दारातच उभी आहे.

"कुठे निघालात?"

"लेकीकडे. कायमची."

"अहो, पण झालं काय?"

"धाकटे, या घरात मला गरम पाणी मिळत नाही. आणखी काय सांगू?"

आता हे कोण म्हणतंय बघा. या बाईने उभा जन्म लोकांना गरम पाणी देण्यात घालवला. मुलींच्या वसतिगृहात त्या कामाला होत्या. न्हाणीघराच्या कोपऱ्यात भलीमोठी टाकी, खाली आच, आणि टाकीपुढे स्टूल टाकून जाऊबाई. पोरी त्यांना टाकीमावशी म्हणायच्या. कायदा एकच, नळ दोऱ्याएवढा सोडायचा. कोणी जरा मोठा सोडला की टाकीमावशी कडाडायची, "मागची काय बर्फाने न्हाईल का गं?" रांगेत शेवटी उभी राहणारी पोर बहुतेक नवी, बुजरी असायची. तिच्या बादलीतून वाफ निघाली की मगच यांच्या घशाखाली चहा उतरायचा. घरीही तीच तऱ्हा. सगळ्यांचं झालं की शेवटी यांचं. कधी कोमट उरायचं, कधी तेही नाही. त्यावर कधी अवाक्षर नाही.

घरातला टाकीवाला गीझर गळायला लागला, तेव्हा पुतण्याने हा नवा आणला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चपटा डबा, धूर जायला बाहेर काढलेलं नळकांडं, पोटाला काचेची बारीक खिडकी. त्यातून जाळ दिसतो. बसवणारा म्हणाला, यात पाणी साठत नाही, जाता जाता तापतं. मी मान हलवली. मान हलवायला समजावंच लागतं असं थोडंच आहे? जाऊबाईंनी मात्र डबा चारी बाजूंनी वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर पोकळ आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"बाकीच्यांना गरम येतं ना?" मी विचारलं.

"सगळ्यांना येतं. लेकाला येतं, नातीला येतं. मी आत गेले की गार. इथेच कुठेतरी पाणी मुरतंय." मग आवाज खाली आणला. "डबा कुठे आहे? स्वयंपाकघरात. आणि स्वयंपाकघरात कोण असतं? आता माझ्या तोंडून वदवू नकोस."

मी बावचळलेच. सासू-सुनेचं त्यांचं काही विळ्या-भोपळ्याचं नाही. सून आल्यापासून भांड्याला भांडंसुद्धा बेतानेच लागलेलं. पण गार पाणी तरी खोटं कसं बोलेल? जाऊबाईंचे गुडघे जुन्या दारासारखे करकरत होते.

"मुलाला सांगायचं होतं."

"सुनेची चुगली करू? त्यापेक्षा गेलेली बरी."

"जा, पण न्हाऊन जा. पारोशी निघणार का लेकीकडे?"

तेवढं पटलं. त्या न्हाणीघरात गेल्या आणि मी स्वयंपाकघरात त्या डब्यासमोर जाऊन बसले. सून कांदा चिरत होती.

"काकू, त्या डब्यात काय बघताय?"

"काही नाही गं. जाळ बघते."

जाळ कुठला. डबा नुसता टिकटिक करायचा, जरासा भडकायचा, की विझलाच. सुनेचे दोन्ही हात कांद्यात, डब्यापासून लांब. कोणी बोट लावलं नव्हतं. सुनेवरचा संशय गेला हे खरं, पण मग बंद करतंय कोण? माझं डोकंच चालेना.

तेवढ्यात सुनेने हात धुवायला गरम पाण्याचा नळ सोडला. डबा भप्पकन पेटला आणि न्हाणीघरातून आवाज आला, "आलं बाई गरम." सुनेने नळ बंद केला. जाळ विझला. "गेलं," आतून आवाज.

मी सुनेकडे पाहिलं. गेलेला संशय परत आला, काय करणार.

"काकू, अशा काय बघताय? मी नुसते हात धुतले."

"परत धू बघू."

परत धुतले. परत आलं, परत गेलं. सून ओल्या हाताने तशीच उभी राहिली. मग न्हाणीघराच्या दाराशी गेली.

"आई, नळ किती सोडलाय?"

"किती म्हणजे? दोऱ्याएवढा."

सूनबाईने कपाळावर हात मारला. "आई, एवढ्याशा पाण्याने तो पेटतच नाही. धार जोरात गेली तरच त्याला कळतं की पाणी हवंय. पूर्ण सोडा."

"आणि मागच्याला काय उरेल?"

सून दाराजवळ सरकली. "मागे कोणी नाही, आई. तुम्हीच शेवटच्या आहात."

आत नळ कुरकुरला. मग धार बादलीत जोरात पडली. डब्यात जाळ उभा राहिला, थोड्या वेळाने दाराखालून वाफ आली.

"अगं, संपेल हं हे."

"संपत नाही, आई."

"असं कसं संपत नाही? एवढं पाणी ठेवलंय तरी कुठे?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे. कोणालाच सांगता येईना. मला तर अजूनही येत नाही.

मधेच जाळ बारीक झाला. हात सवयीने नळावर गेला असणार. आम्ही दोघी डब्याकडे बघत राहिलो. जाळ थरथरला, विझतो की काय वाटलं, आणि परत उभा राहिला.

"टॉवेल द्या गं कोणीतरी. माझा पिशवीत राहिला."

सूनबाई खोलीत गेली आणि पिशवी घेऊनच बाहेर आली.

"काकू, ही कशाला भरलीय?"

"धुवायचे कपडे असतील."

"घड्या घालून?"

मी जिन्याकडे बघत राहिले. तिने टॉवेल काढून दारावर टाकला आणि बाकीचे कपडे एकेक करून कपाटात ठेवले.