देवीचा खण आणि दुकानातली घट

बस्त्याच्या दुकानात मी कामाला लागले ती कॉम्प्युटरसाठी. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं हे दुकान जुनं. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं इथं येऊन बसतात आणि नवरीच्या शालूपासून दूरच्या आत्याच्या साडीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात, त्यालाच आमच्याकडं बस्ता बांधणं म्हणतात. खाली पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, गादीवर मोठे शेठ आणि त्यांच्या डाव्या हाताला मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते. मिसरूड फुटल्यापासून ते इथं साड्या उलगडत होते, म्हणून सगळ्या दुकानाचे मामा. आणि वर पोटमाळ्यावर, काचेच्या केबिनमध्ये मी, मशीन आणि एसी. एसी मशीनसाठी होता. मी आपली त्याच्या पुण्याईनं गार व्हायचे.

मशीन आणलं होतं धाकट्या शेठनी. आणण्याआधी घरात बरेच दिवस वाद चालला होता म्हणे. 'यातून मिळणार काय?' हा मोठ्या शेठचा एकच प्रश्न. कुठल्या गावाकडचे लोक कुठला रंग घेतात ते कळेल, असं मुलानं सांगितलं. 'ते मला आत्ताच माहीत आहे,' वडील म्हणाले. कुठला माल पडून आहे ते कळेल. 'तेही माहीत आहे. तुझ्या आईनं निवडलेला.' शेवटी सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसानं वाट दाखवली. प्रत्येक दुकानात गळती असतेच, तो म्हणाला, दिसत नाही इतकंच. ती थांबली की मशीनची किंमत आपोआप निघते. हे मोठ्या शेठना पटलं. मशीन आलं, प्रत्येक कापडाला बारकोडचं स्टिकर लागलं, आणि शेठ रोज दुकान बंद करताना वर बघून विचारायला लागले, 'सापडलं का काही?' पी हळद हो गोरी, असा सगळा मामला.

मला मशीन आवडायचं, हे आधीच सांगते. माझं पोट त्यावर होतं आणि ते खोटं बोलत नसे. काठपदराच्या साड्या मागवायला उशीर होतोय हे त्यानं सांगितलं आणि त्या दिवाळीत दुकानाची अब्रू राहिली. पण ते किंमत वसूल झाल्यात कुणी धरेना. मशीन घेताना गळतीचं नाव काढलं होतं, तेव्हा आता गळती सापडणं भाग होतं.

सापडली. साड्या जुळल्या, धोतरं जुळली, टॉवेल-टोप्याही जुळल्या, फक्त खण कमी आले. पुन्हा मोजले तरी कमी. मी कागद खाली नेऊन दिला तेव्हा 'घट सापडली,' म्हणताना धाकट्या शेठचा चेहरा उजळला. आपल्या दुकानात चोरी होते म्हणून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मोठ्या शेठना मात्र नवल वाटलं. 'खण कोण नेतंय?' एवढंच म्हणून ते गिऱ्हाइकाकडं वळले.

मग एकदा गादी झाडताना डाव्या बाजूच्या शिवणीत सोललेली स्टिकरं सापडली. सगळी खणांची. डाव्या बाजूला मामा बसत. धाकट्या शेठनी स्टिकरं टेबलावर ओळीनं मांडली आणि माझ्याकडं बघितलं.

'मामांना विचारा तरी,' मी म्हणाले.

'विचारलं तर अपमान होईल, मॅडम. किती वर्षांचा माणूस.'

अपमान नको म्हणून त्यांनी मामांना गोदामात पाठवलं. कारण गुडघ्यांचं. मामा, तुमचे गुडघे दुखतात, गादीवर ऊठबस नको, आता मागं खुर्चीवर बसून मालावर लक्ष ठेवा. मोठ्या शेठनाही हेच सांगितलं आणि त्यांना ते मायेचं वाटलं. मला संताप आला. साप म्हणून भुई धोपटावी तसं चाललं होतं, आणि वर ते गोड बोलून.

मामांना काही कळलं नाही असं नाही. एकदा दुपारी डबा खाऊन झाल्यावर ते जिना चढून वर आले. दारातच उभे राहिले.

'ताई, मशीनमधी माजं नाव आलंय का?'

'आपलं कुणाचं नाव येत नाही मामा त्यात. फक्त माल येतो.'

'मग बरं हाय.' जिन्याचा कठडा धरून ते परत वळले. 'नातीला बगायला यायलेत. पेठेत कुनी काय बोललं, तर तिचं आवगड हुईल. म्हनून इचारलं.'

ते उतरून गेले. मला काम सुचेना.

मामा गोदामात गेल्यावरही खण कमी येतच राहिले. हे मी धाकट्या शेठना मुद्दाम दाखवलं. ते म्हणाले, 'गोदामातही खणच आहेत ना?' एकदा चोर ठरला की त्याला कुठंही बसवा, तो चोरच.

त्यानंतर माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. मावशी नातेपुत्याची. भाची दुकानात कामाला आहे म्हटल्यावर ती दुसरीकडं कुठं जाणार? जीपभर माणसं घेऊन आली. मी रजा टाकली, जुळे सोलापुरातून स्कूटीऐवजी रिक्षानं, चांगली साडी नेसून आले आणि पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून त्या गादीवर बसले. काचेतून खालची डोकी दिसायची, हात कधी दिसले नव्हते.

चहा झाला. साडी उघडण्याआधी मोठ्या शेठनी मागच्या चळतीतून एक हिरवा खण ओढला. बोलता बोलता त्याचं स्टिकर नखानं सोललं, डाव्या हातानं गादीच्या शिवणीत सारलं, आणि खण मावशीच्या पदरात घातला. 'पहिला देवीचा. कुलदेवीची ओटी भरा, मग बाकीचं बघू.'

मावशीनं खण कपाळाला लावला. 'लई जुनी रीत हाय की ह्या दुकानाची. माज्या लग्नात बी दिलावता. तुज्या आईला इचार.'

मी शिवणीत बोट घातलं, स्टिकर हाताला लागलं.

'शेठ,' मी म्हणाले, 'हा लिहिला का?'

'काय?'

'खण.'

'देवीचा कुठं लिहितात? आणि तिला किमतीची चिठ्ठी चिकटवून कसा द्यायचा?'

'प्रत्येक बस्त्याला देता?'

'माझे वडील द्यायचे, मी देतो. का गं?'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळं सांगितलं: कमी येणारे खण, शिवणीतली स्टिकरं, आणि गुडघे. मावशी, मावसबहीण, तिची होणारी सासू, सगळ्या ऐकत होत्या. मला थांबता आलं नाही. शेठनी शिवणीतून ते स्टिकर बाहेर काढलं.

'म्हणजे चोर मीच की,' ते म्हणाले, आणि उठून स्वतः गोदामात गेले.

मामांना हाताला धरून आणलं त्यांनी. पूर्वीच्याच जागी बसवलं. 'तुम्ही रोज शेजारी बसून बघत होता. सांगितलं का नाही?'

'मला कुनी इचारलंच न्हाय की,' मामा म्हणाले. 'गुडगं दुकत्यात म्हनले. मी म्हनलं, दुकत असतील.'

बस्ता उरकल्यावर संध्याकाळी मी वर केबिनमध्ये डोकावले, तेव्हा बाप-लेकांचं बोलणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. धाकटे शेठ शरमले होते, मामांच्या पायाही पडले होते, पण मशीनची बाजू त्यांनी सोडली नाही. 'बघा, खण कुठं जातात ते शेवटी मशीनमुळंच कळलं ना?'

'ते मला माहीतच होतं.'

'मग बोलला का नाहीत?'

'तू घट म्हणालास. मला वाटलं, काहीतरी हरवलंय.'

दुसऱ्या दिवशी मी मशीनमध्ये सोय केली. खणाची किंमत शून्य. ग्राहकाचं नाव टाकल्याशिवाय मशीन पुढं सरकेना, म्हणून तिथं 'देवी' लिहिलं. तेव्हापासून मोजदाद जुळायला लागली. धाकट्या शेठनी मशीनचा खर्च सार्थकी लागला असं घरात जाहीर केलं, आणि खरं सांगायचं तर ते चूकही नव्हतं.

मामा मात्र बदलले. बस्ता बसला की शेठ खण काढायच्या आत ते स्वतः काढायचे, पोटमाळ्याकडं तोंड करून उंच धरायचे आणि म्हणायचे, 'ताई, एक देवीचा. लिवा.' मी मान हलवल्याशिवाय खण खाली यायचा नाही. बायका पदर पसरून थांबायच्या आणि त्याही वर बघायच्या. गरज नाही मामा, मी लिहिते, असं मी किती वेळा सांगितलं. 'ऱ्हाऊ दे,' ते म्हणायचे. चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा ते आता कुणी हातात दिल्याशिवाय घेत नसत. दुकानानं त्यांना परत गादीवर बसवलं होतं, पण ते पूर्वीसारखे काही बसले नाहीत. ते बघून मला अजून वाईट वाटतं.

यंदा त्यांच्या नातीचं ठरलं. बस्ता अर्थातच आमच्याकडं. त्या दिवशी मामा धुतलेली टोपी घालून समोर गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले, आणि शेठनी नातीच्या आजीच्या पदरात खण घातला. मामांनी तो तिथून उचलला. वर माझ्याकडं बघून उंच धरला.

'ताई, लिवलं का?'

सगळी वऱ्हाडी मंडळी वर बघायला लागली. नवरीही बघत होती. मी काचेचं दार उघडून बाहेर आले.

'लिहिलं, मामा. ठेवा खाली.'

लिहिलं नव्हतं. लिहिणारही नव्हते; मामांचा एक खण तरी पूर्वीसारखा, न मोजता जाऊ दे.

वर्षाची मोजदाद झाली तेव्हा एक खण कमी आला. धाकटे शेठ कागद घेऊन वर आले. मी त्यांना म्हणाले, 'तो मामांच्या घरी गेला. मी लिहिला नाही.'

त्यांनी कागदावर बघितलं, मग खाली गादीकडं. पुन्हा मोजायला त्यांनी सांगितलं नाही.